कुकर कॅम्पला न्यायचा, पण कोणता?

गाडीने तळ्याकाठी जायचं, तंबू ठोकायचे आणि दोन दिवस स्वतःचं स्वतः शिजवून खायचं, असा कॅम्प करणारी कुटुंबं आता भंडारदऱ्याला, पवनेच्या काठी, कोकणच्या किनाऱ्यावर सहज भेटतात. तंबू कोणता घ्यायचा यावर ती महिनाभर चर्चा करतात. भांड्यांचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री होतो. खरं तर दिवस कसा जाणार हे भांडंच ठरवतं. सगळे मिळून भटकायला जाणार की कुणीतरी शेगडीपाशी मागे राहणार, जेवण दोनला होणार की चारला, उरलेलं रात्री खाता येईल की टाकावं लागेल, हे सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. म्हणून मंद शिजवणारा कुकर कॅम्पला न्यावा का आणि न्यायचा तर कसला, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू इथे संवादातून मांडल्या आहेत. उषाताई नाशिकच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि दर हिवाळ्यात घरच्या सहाजणांना घेऊन भंडारदऱ्याला मुक्काम करतात. निनाद हा त्यांचा भाचा. सह्याद्रीत आणि हिमालयात पाठीवर ओझं घेऊन फिरणारा हा मुलगा प्रेशर कुकरचा कट्टर कैवारी आहे.

निनाद: आत्या, सरळच विचारतो. घरात पाच लिटरचा प्रेशर कुकर आहे, शेगडी आहे. डाळ तीन शिट्ट्यांत होते, मटण अर्ध्या-पाऊण तासात. मग सहा-सहा, आठ-आठ तास घेणारं भांडं तुला हवंच कशाला?

उषाताई: कारण शिट्ट्या मोजायला माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा मी असते, नाहीतर तुझी आई. तुम्ही सांदण दरी बघून येता, रतनवाडीच्या अमृतेश्वराला जाऊन येता, आणि आल्या आल्या विचारता, ‘जेवण झालं का?’ सहा तास लागण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते तास भांड्याने घ्यावेत, माझे घेऊ नयेत, एवढंच. सकाळी आठला भांडं लावावं, सगळ्यांनी साम्रदला जावं, दरीत उतरावं आणि दोन-अडीचला परत येऊन गरम जेवावं.

निनाद: त्यासाठी पाळ्या लावता येतील. एक दिवस मी थांबतो, एक दिवस बाबा थांबतील.

उषाताई: जरूर लावा, मला हवंच आहे ते. पण पाळीने भार वाटला जातो, कमी होत नाही. पेटती शेगडी तंबूजवळ सोडून जाता येत नाही. त्यामुळे कुणीतरी एकजण मागे राहणारच, आणि त्या दिवशी दरी बघायची त्याची हुकणार. मला मागे कुणीच राहायला नको आहे.

निनाद: बरं. मग विजेचा स्लो कुकर म्हणत असशील तर माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. साडेतीन लिटरचा कुकर साधारण दीडशे ते दोनशे वॉट घेतो. सरासरी दीडशे धर आणि आठ तास चालव. बाराशे वॉट-तास झाले, म्हणजे एक युनिट आणि वर थोडी. घरी ही वीज काहीच नाही. तळ्याकाठी ती आणायची कुठून? पाचशे वॉट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं, तरी इन्व्हर्टरमधली गळती वजा जाता तीन तासही पुरत नाही. हजार वॉट-तासांचं घेतलं तर त्याचंच वजन दहा-बारा किलो होतं, आणि आठ तास तेही पुरत नाही.

उषाताई: आणि गाडीच्या सॉकेटवर लावायचं म्हणतात, ते?

निनाद: बऱ्याच गाड्यांच्या सॉकेटवर १२ व्होल्ट, १२० वॉट असं छापलेलं असतं. कुकर त्याच्या वर गेला की फ्यूज उडाला. समज, कमी वॉटचा मिळाला. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे सव्वाचारशे वॉट-तासांच्या आसपास. गाडी सुरू करण्यासाठीची ही बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं आणि सकाळी गाडी सुरू होईल की नाही याची खात्री राहत नाही. म्हणजे हाताशी उरले दोनशे वॉट-तास. तेवढ्यात कुकर दीड तास चालेल. इंजिन चालू ठेवून जेवण शिजवणं तर मी ऐकूनही घेणार नाही.

उषाताई: यावर माझं तुझं एकमत आहे. प्लग देणाऱ्या कॅम्पसाइटवर विजेचा कुकर चालेल, पण तिथेही आधी फोन करून विचारायला हवं की जनरेटर दिवसभर चालू असतो का, थ्री-पिन सॉकेटला अर्थिंग आहे का आणि वायर उघड्यावर ओल्या गवतातून तर येत नाही ना. शिवाय त्या कुकरचं आतलं भांडं बहुतेक चिनी मातीचं असतं. जड असतं, घाटाच्या वळणांवर आपटून तडकतं, आणि तापलेलं असताना गार पाण्याने धुतलं तरी तडकतं. तेव्हा विजेचा कुकर मी यादीतून काढते. मंद शिजवणं मात्र काढत नाही. वीज हा त्यातला नंतर आलेला भाग आहे.

निनाद: म्हणजे?

उषाताई: अमेरिकेतल्या स्लो कुकरची गोष्ट बघ. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या संशोधकाने त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं. त्याला ही कल्पना आईच्या आठवणीतून सुचली होती. तिकडे लिथुआनियात ज्यू घरांमध्ये शुक्रवारी संध्याकाळनंतर विस्तव पेटवायचा नाही असा नेम. मग बायका मांस, कडधान्य आणि कंदमुळांचं ‘चोलंट’ मडक्यात भरून गावच्या भट्टीवाल्याकडे नेऊन ठेवायच्या. दिवसभर पाव भाजून भट्टी बंद झालेली असायची, पण तिच्या भिंतींत मुरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सनने त्या भट्टीच्या जागी विजेचं वेटोळं आणलं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने तो कुकर बाजारात आणला. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. पण मूळ युक्ती साठवलेल्या उष्णतेची आहे. ती तळ्याकाठी वापरायला वीज लागत नाही.

निनाद: थर्मल कुकर म्हणतेस तू. बाहेर मोठ्या थर्माससारखं दुहेरी भिंतीचं पात्र, दोन भिंतींच्या मधली हवा काढून घेतलेली, आणि आत स्टीलचं भांडं.

उषाताई: हो. आतलं भांडं शेगडीवर ठेवून पदार्थ खळखळून उकळायचा, डाळ असेल तर दहा मिनिटं, मटण असेल तर पंधरा-वीस. मग ते झाकणासकट बाहेरच्या पात्रात बसवायचं, कडी लावायची आणि निघायचं. आच नाही, धूर नाही, लक्ष ठेवायला नको. हे फार नवंही नाही. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेची अशी उष्णता धरून ठेवणारी शिजवणपेटी मांडली होती. युरोपात गवत भरलेल्या पेट्यांत उकळतं भांडं पुरून ठेवायची रीत होतीच, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधनाच्या टंचाईत ती ब्रिटनमध्ये पुन्हा घरोघर वापरली गेली. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, बाहेरून मोठं नळकांडं आणि तळाशी कोळशाची छोटी शेगडी. निखारे हळूहळू विझत जायचे, वाफेवर भात, डाळ, भाजी होत जायची. मराठी घरांतही तो कुकर पोचला होता. घरापासून लांब एकट्या राहणाऱ्या माणसाला गरम जेवण देणारं भांडं म्हणून लोकांना त्याचं अप्रूप होतं.

निनाद: तो इतिहास आवडला. पण १९५९ मध्ये हॉकिन्स आलं, प्रेस्टिज आलं, आणि इकमिक अडगळीत गेला. याला कारण होतं. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली की आतलं पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. उघड्या भांड्यात १०० च्या वर जात नाही. तुझं थर्मल भांडं १०० ला सुरू होतं आणि पहिल्या मिनिटापासून खाली उतरत जातं. शिजवायचं म्हणजे तापमान हवं. ते घसरत असताना डाळ कशी शिजणार?

उषाताई: सगळं तापमानावर नसतं, वेळही काम करते. मटणाच्या जाड तुकड्यांत जी पांढरी, चिवट ऊती असते, तिच्यातलं कोलॅजन ७० ते ८० अंशांपासून विरघळायला लागतं, फक्त तास लागतात. ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. प्रेशर कुकरमध्ये हेच जोरात होतं, म्हणून वेळ वाचतो. पण एखादी शिट्टी जास्त झाली की तुकड्याचे दोरे होतात. मंद भांड्यात तास-अर्धा तास इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही. दरीतून यायला उशीर झाला तर मटण वाट बघतं.

निनाद: मटणाचं मान्य. कडधान्यांचं काय? त्यांना जास्त उष्णता लागते.

उषाताई: लागते, म्हणून निवड करावी लागते. मूगडाळ आणि मसूर बिनतक्रार होतात. तूरडाळ तासभर भिजवून, दहा मिनिटं उकळून ठेवली तर तीन-चार तासांत मऊ होते. मटकी, चवळी, सोललेले वाल आदल्या रात्री भिजवलेले हवेत. एक गोष्ट मात्र पाळायची. आमसूल, चिंच, टोमॅटो आधी घालायचे नाहीत. आंबटाने कडधान्याची साल आणि पेशींच्या भिंती लवकर मऊ होत नाहीत. विहिरीचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमनेही तेच होतं. प्रेशर कुकर ही चूक झाकून टाकतो, मंद भांडं झाकत नाही. आंबट शेवटी, वाढायच्या आधी.

निनाद: आणि राजमा? उत्तरेकडच्या कॅम्पवर तोच पहिला आठवतो. मंद शिजवण्याबद्दलचा माझा सर्वांत मोठा आक्षेप राजम्यावरूनच आहे.

उषाताई: सांग, कारण हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

निनाद: कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. नीट न शिजलेला मूठभर राजमाही उलट्या-जुलाबांना पुरतो. खळखळून उकळल्यावर ते नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसता कोमट-गरम ठेवला तर विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणजे स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकणं हे पचनाच्या कुरबुरीवर थांबणारं नाही, ते धोक्याचं आहे. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात अर्धा तास जोरदार उकळायचा आणि मगच मंद भांड्यात घालायचा. एवढं करायचं तर सरळ प्रेशर कुकरला का लावू नये?

उषाताई: लावावा. राजमा आणि छोले मी घरून प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवून, गार करून, बर्फाच्या पेटीत नेते आणि पहिल्याच दिवशी संपवते. मंद भांड्यात सगळंच करायचा माझा हट्ट नाही.

निनाद: मग जंतूंचं बोलू. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. तुझं भांडं गार होत होत नेमकं त्याच पट्ट्यात शिरतं. मटणाच्या रश्श्यातल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सच्या आणि भातातल्या बॅसिलस सेरियसच्या बीजाणूंना उकळीने काही होत नाही. अन्न हळूहळू थंड होऊ लागलं की ते जागे होतात. दवाखाना तासभर लांब असलेल्या जागी मला हा धोका नको.

उषाताई: हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर तापमापकानेच द्यायला हवं. नवं भांडं आणलं की कॅम्पच्या आधी घरी चाचणी घ्यायची. आतलं भांडं तीन चतुर्थांश पाण्याने भरायचं, खळखळून उकळायचं, बाहेरच्या पात्रात बंद करायचं आणि सहा तासांनी उघडून लगेच तापमान बघायचं. ७० च्या आसपास किंवा वर असेल तर भांडं चांगलं. ६० च्या खाली गेलं असेल तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, त्याला जेवण गरम ठेवायला वापरा, शिजवायला नको. अन्नाचा तापमापक फार महाग नसतो. भांड्यावर हजारो रुपये घालणाऱ्याने त्याच्यावरही थोडे घालावेत.

निनाद: आणि चाचणीत पास झालेलं भांडं कॅम्पवर नापास कधी होतं?

उषाताई: अर्धं भरलं की. उष्णता साठते ती आतल्या पाण्यात आणि अन्नात. ते कमी असेल तर साठा कमी आणि तो लवकर संपतो. म्हणून दोघांसाठी सहा लिटरचं भांडं घेऊ नये. ‘मोठं असलेलं बरं’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो. दोघा-तिघांना दीड ते तीन लिटर, सहा-सातजणांना साडेचार ते सहा लिटर. दुसरं म्हणजे मधेच उघडून बघायचं नाही. तिसरं, मटणाचे तुकडे लहान करायचे आणि झाकण ठेवून उकळायचे, म्हणजे तुकडा मधोमध तापतो. नुसत्या रश्श्याला उकळी आली म्हणजे आतपर्यंत उष्णता पोचली असं होत नाही. आणि परत आल्यावर आतलं भांडं पुन्हा शेगडीवर ठेवून एक सणसणीत उकळी आणायची, मगच वाढायचं. उरलेलं त्याच भांड्यात रात्रीसाठी ठेवायचं नाही.

निनाद: रात्री लावून सकाळी खायचं, असं लोक करतात.

उषाताई: सहा तासांच्या पलीकडचं तापमान स्वतः मोजल्याशिवाय मी ते करणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. डिसेंबरात तळ्याकाठी पहाटे चांगलीच थंडी पडते. तेव्हा भांडं तंबूच्या आत, चटईवर ठेवलेलं बरं.

निनाद: आता उंचीचं बोल. भंडारदरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. हिमालयात ३६०० मीटरवर मुक्काम असतो तेव्हा ८८ लाच उकळी फुटते. तुझ्या भांड्याचा प्रवासच ८८ पासून खाली सुरू होतो. तिथे तूरडाळ शिजत नाही, कितीही तास दे. प्रेशर कुकर मात्र त्या उंचीवरही ११४ अंशांपर्यंत जातो. लडाखमध्ये, हिमाचलच्या वरच्या गावांत घरोघर कुकर का असतो, ते तिथे एकदा डाळ लावली की कळतं.

उषाताई: तिथे मी तुझ्याच बाजूने आहे. दोन हजार मीटरच्या वर मंद भांडं नेऊ नये. पाठीवर वाहून न्यायचं असेल तर कुठेच नेऊ नये. बाहेरच्या पात्रासकट साडेचार लिटरचं भांडं तीन-चार किलोपर्यंत जातं. माझा कॅम्प गाडीचा आहे, सह्याद्रीतला आहे, कुटुंबाचा आहे. मी जी निवड सांगते ती तेवढ्यापुरती.

निनाद: गॅसचं तरी वाचतं का काही?

उषाताई: हिशेब करू. दोन लिटर पदार्थ २५ अंशांपासून १०० पर्यंत न्यायला साधारण ६३० किलोज्यूल लागतात. उघड्यावरच्या शेगडीची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असं धरलं तर साधारण सत्तावीस ग्रॅम गॅस. वर दहा मिनिटांच्या उकळीला दहा ग्रॅम. म्हणजे डाळीच्या एका भांड्याला चाळीस ग्रॅमच्या आत. २३० ग्रॅमच्या डबीत अशी पाच-सहा भांडी होतात.

निनाद: आणि प्रेशर कुकरमध्ये तीच डाळ साधारण तेवढ्याच गॅसवर होते. मग बचत कुठे?

उषाताई: प्रेशर कुकरच्या तुलनेत गॅसची बचत फारशी नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. उघड्या पातेल्यात दीड तास मटण शिजवणाऱ्याची मात्र निम्म्याहून जास्त गॅसची बचत होते. प्रेशर कुकरपेक्षा वाचतं ते माणसाचं लक्ष. वीस-पंचवीस मिनिटं शेगडीपाशी, मग पुढचे पाच-सहा तास मोकळे. आगीचंही बघ. फेब्रुवारीपासून सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ होतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड तर अभयारण्य आहे, आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आच जितका कमी वेळ पेटलेली, तितकं बरं.

निनाद: हे पटलं. पण मग मी एक सुचवतो, ज्यात काही विकतच घ्यायला नको. प्रेशर कुकरला दोन शिट्ट्या काढायच्या, शेगडी बंद करायची. तळ जरा निवला की कुकर जाड टॉवेलमध्ये गुंडाळायचा, त्यावर जुनी गोधडी, आणि सगळं खोक्यात घट्ट बसवायचं. झाली तुझी गवताची पेटी. १२० अंशांना पोचलेलं अन्न त्यात तीन-चार तास सहज मुरत राहील. स्लीपिंग बॅग मात्र वापरायची नाही, तिचं नायलॉन तापलेल्या धातूला चिकटतं.

उषाताई: हे फार चांगलं सुचवलंस. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी प्रत्येकाने हेच करावं. मंद शिजवणं आपल्याला आवडतं का, आपल्या दिवसाच्या आखणीत बसतं का, ते पैसे न घालता कळेल. फक्त गोधडी व्हॅक्यूमइतकी उष्णता धरत नाही. तेव्हा चार तासांच्या आत खायचं, आणि इथेही तापमापक लावूनच. यात राजमाही बिनधोक होतो, कारण तो आधी दाबाखाली उकळलेला असतो. शिट्ट्या तेवढ्या डाळीपेक्षा जास्त द्याव्या लागतील.

निनाद: आणि ज्याला विकतच घ्यायचंय, त्याने दुकानात काय बघायचं?

उषाताई: आतलं भांडं स्टीलचं आणि तळ जाड, तीन थरांचा. पातळ तळाला कॅम्पच्या शेगडीची आच एकाच जागी लागते आणि वाटण करपतं. बाहेरच्या पात्राच्या भिंतींत फोम आहे की व्हॅक्यूम, ते विचारायचं. व्हॅक्यूम घ्यायचं. झाकणाला कडी हवी, म्हणजे गाडीत सांडत नाही आणि माकडांना, कुत्र्यांना उघडता येत नाही. रबराची रिंग वेगळी मिळते का, ते बघायचं. आत दोन भांडी बसत असतील तर उत्तम, खाली रस्सा आणि वर भात. आणि जेवणाच्या टेबलावर ठेवतात तो प्लॅस्टिकच्या आवरणाचा हॉट पॉट म्हणजे थर्मल कुकर नव्हे. त्याचं आतलं भांडं आचेवर चढत नाही.

निनाद: चवीचं राहिलं. माझी खरी तक्रार तीच आहे. बंद भांड्यातून वाफ बाहेर जात नाही, रस्सा आटत नाही, पांचट होतो.

उषाताई: पाणी घरच्यापेक्षा कमी घालायचं, जेमतेम तुकडे बुडतील इतकं. आणि भाजणं, परतणं आधी उरकायचं. मंद भांड्यात कांदा मऊ होतो, लाल होत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण घरून खमंग परतून न्यायचं, मटण त्यात चांगलं भाजून घ्यायचं, मग उकळतं पाणी. गार पाणी घातलं की उकळी परत यायला गॅस जातो. मिरपूड, गरम मसाला, कोथिंबीर शेवटच्या उकळीला. एवढं केलं तर तांबड्या रश्श्याला नाव ठेवायला जागा राहत नाही.

निनाद: तरी एक सांगू? मला शेगडीभोवती बसणंच आवडतं. कुणी कांदा चिरतंय, कुणी वाऱ्याला आडोसा धरतंय, शिट्टीची वाट बघत गप्पा चालल्यात. कॅम्पचा अर्धा आनंद मला त्यात वाटतो. तुझं भांडं ते घेऊन जाईल.

उषाताई: त्या गप्पांत मीही असते, आणि मलाही त्या आवडतात. पण रोज दोन्ही वेळा सक्तीने बसावं लागलं की त्या गप्पा राहत नाहीत, काम होतं. संध्याकाळी शेगडीभोवती बसू, तुझा प्रेशर कुकर लावू, पिठलं करू. दुपार मला दरीत हवी आहे.

या दोघांपैकी कुणाचं खरं, असं विचारलं तर माझं उत्तर त्यांच्या दोन्ही बाजूंतून निघतं. पाठीवर ओझं असेल, उंची दोन हजार मीटरच्या वर असेल किंवा रांधायचं कडधान्य राजमा-छोल्यांसारखं हट्टी असेल, तर निनादचा प्रेशर कुकर न्यावा, दुसरा विचार करू नये. गाडीने जाऊन सह्याद्रीत वा किनाऱ्यावर राहायचं असेल आणि दिवसभर बाहेर फिरायचं असेल, तर उषाताईंचं थर्मल भांडं किंवा गोधडीत गुंडाळलेला घरचाच कुकर, दोन्ही चालतील. विजेच्या स्लो कुकरची जागा घरात आहे आणि प्लगची खात्री असलेल्या मोजक्या कॅम्पसाइटवर. तापमापक मात्र यांपैकी कोणतंही भांडं नेणाऱ्याने घ्यावा.

आणि भांडं निवडताना लिटर आणि वॉट विचारायच्या आधी घरातल्यांना विचारावं की दुपारी दरीत कोण कोण उतरणार आहे. त्या यादीत एखादं नाव दर वर्षी गळत असेल, तर ज्या भांड्यामुळे ते नाव यादीत येईल ते त्या कुटुंबासाठी योग्य भांडं, मग ते दुकानातून आणलेलं असो की माळ्यावरच्या गोधडीत गुंडाळलेलं.